पडद्यावरचे अक्षर कोठून येते?

कळफलकावर ‘ए’ची कळ दाबली की पडद्यावर ‘ए’ उमटतो. हे काम आपल्याच संगणकाने केले, असे आपण धरून चालतो. दूरच्या संगणकाशी बोलताना मात्र बहुधा तसे नसते.

अशा संभाषणासाठी ‘एसएसएच’ ही पद्धत वापरतात. फिनलंडच्या तातू युलोनेन यांनी ती १९९५ साली तयार केली. तुम्ही लहान ‘ए’ची कळ दाबली की ९७ हा अंक गुप्त संकेतात पलीकडे जातो. पलीकडच्या सर्व्हरने तो परत धाडला, तरच अक्षर दिसते. डोंगरकड्यावरून आवाज परत यावा, तसे हे! म्हणून याला ‘एको’, म्हणजे प्रतिध्वनी, म्हणतात.

एरवी ही कामे सर्व्हरची कार्यप्रणाली करते. पण समजा, प्रश्नमंजूषेसाठी तुम्ही स्वतःच एसएसएच सर्व्हर लिहिलात. आता प्रत्येक अंकाचे काय करायचे, हे तुम्हीच ठरवायचे.

१. साधे अक्षर आले, तर ते साठवा आणि परत पाठवा.

२. एंटर कळीचा अंक १३. उत्तरादाखल १३ व १० पाठवा. पहिल्याने खूण ओळीच्या आरंभी येते, दुसऱ्याने खालच्या ओळीवर जाते.

३. बॅकस्पेस म्हणजे बहुधा १२७. साठ्यातले शेवटचे अक्षर काढा आणि ८, ३२, ८ पाठवा: एक घर मागे, कोरी जागा, पुन्हा मागे. साठा रिकामा असेल, तर काहीच पाठवू नका; नाहीतर तुमचा प्रश्नच पुसला जाईल!

४. वरच्या बाणाची कळ एकच, पण अंक तीन: २७, ९१, ६५. ते तुटक येऊ शकतात, म्हणून २७ दिसताच थोडे थांबा.

५. कंट्रोल-सी म्हणजे ३. तो ओळखला नाही, तर समोरचा माणूस अडकून पडेल.

आता आपल्या मराठीकडे पाहू. यूटीएफ-८ पद्धतीत ‘क’साठी २२४, १६४, १४९ असे तीन अंक लागतात. बॅकस्पेसला एकच अंक काढलात, तर उरलेल्या दोघांना अर्थ राहत नाही आणि उत्तर बिघडते. यावर उपाय सोपा आहे. अक्षराचा पहिला अंक कधीही १२८ ते १९१ मध्ये नसतो. तेव्हा तसा अंक सापडेपर्यंत मागून एकेक काढत जा; तो पहिला अंकही काढा आणि थांबा.

करून पाहा: ‘कमल’ या शब्दाला किती अंक लागतील? एकदा बॅकस्पेस दाबल्यावर किती उरले पाहिजेत?