कोशाचा धंदा आणि हातांचे शिक्षण

जो उद्योग आपल्या कच्च्या मालाचे मूळ राखतो तो पिढ्यान्‌पिढ्या चालतो. जो मूळच खातो तो लवकर आटोपतो. हा नियम समजून घेण्यासाठी आम्हां सानगडीकरांस दूर जावयास नको. आमच्या भंडारा जिल्ह्यातील कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा, धंदा त्याचे उत्तम उदाहरण होय.

विद्यार्थिमित्रहो, तुतीच्या पानांवर पोसलेला रेशमी किडा घरात वाढतो. टसरचा किडा मात्र उघड्या रानात ऐन व अर्जुन या वृक्षांवर वाढतो. मादी पतंग सुमारे १५० ते २०० अंडी घालते. त्यांतून निघालेल्या अळ्या चार वेळा कात टाकतात आणि महिना-सव्वा महिन्यात फांदीला देठाने लोंबणारा टणक कोसा विणतात. या काळात आमच्या भागातील ढीवर कुटुंबे रानात राहून पाखरे व मुंग्या यांपासून त्यांची राखण करतात. वृक्ष तोडला की धंदा बुडाला. छाटला तर नवी पालवी फुटून पुन्हा अळ्यांस अन्न मिळते. म्हणजे येथे जंगल राखणे हाच व्यवहार आहे.

दुसरे मूळ बियाण्याचे. आलेले सर्व कोसे विकून चालत नाही. त्यांतील उत्तम कोसे पुढील पिकासाठी ठेवावे लागतात. परंतु बियाणेच रोगट निघाले तर काय? १८६५ साली फ्रान्समध्ये रेशमी किड्यांवरील रोगाचा शोध घेण्याचे काम लुई पाश्चर यांजकडे आले. अंडी घालून झालेली मादी कुटून सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी, आणि पेब्रिन रोगाचे कण दिसल्यास तिची सर्व अंडी नष्ट करावी, ही रीत त्यांनी घालून दिली. टसरच्या बियाण्यासही आज हीच कसोटी लावतात. शाळेतील सूक्ष्मदर्शकाचा रानातील झाडाशी असा संबंध आहे.

यानंतर कोसे सोड्याच्या पाण्यात उकळून मऊ करतात व अनेक कोशांचे तंतू एकत्र करून धागा काढतात. पतंगाने भोक पाडलेला कोसाही वाया जात नाही. त्यापासून जाडसर सूत निघते. विणकर त्या धाग्याची साडी विणतो. तिच्या काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी असते, म्हणून तिला करवतकाठी म्हणतात. अंगासाठी एक व दोन काठांसाठी दोन, असे तीन धोटे चालवून ती सिद्ध होते. या वस्त्रास आता भौगोलिक मानांकनही लाभले आहे.

तथापि जुने ते सर्वच राखावे असे आम्ही म्हणत नाही. पूर्वापार रीतीत स्त्रिया उघड्या मांडीवर तंतू वळून धागा काढीत आल्या. त्याने कातडी सोलवटते, शरीर आखडते आणि दिवसभराच्या श्रमांस मोल थोडे मिळते. यास्तव सरकारने ‘बुनियाद’ नावाचे कताईयंत्र पुढे आणले. वृक्ष राखला आणि कारागिराचे शरीर झिजविले, तर त्या उद्योगास टिकाऊ कसे म्हणावे?

येथेच शिक्षणाचा प्रश्न येतो. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाच्या द्वारे सर्व शिक्षण द्यावे असा विचार मांडला. त्याची योजना डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने आखली. तिचा मर्म आमच्या मागावरही दिसतो. ताण्याच्या धाग्यांची मोजणी हे गणित, सोड्याचे पाणी हे रसायन, पतंगाचे जीवन हा प्राणिशास्त्राचा धडा. ज्यास हे ‘का’ कळले, तोच जुन्या रीतीतील दोष काढून तिचा गुण राखू शकतो.

पालकहो, वृक्षाचे बी रानात पडूनही उगवते, कौशल्याचे तसे नाही. ते एका हातातून दुसऱ्या हातात द्यावे लागते. एक पिढी शिकली नाही तर पुढच्या पिढीस शिकविणारा उरत नाही. मागावर बसण्याची आवड असलेला मुलगा अथवा मुलगी अभ्यासात मागे पडली, असे मानू नका. आणि मित्रहो, सुटीत रानात गेल्यास ऐनाच्या फांदीला लोंबणारा कोसा शोधा, तो न तोडता नीट न्याहाळा, आणि त्याची राखण करणाऱ्यांस चार प्रश्न विचारा. ज्या गोष्टी पुस्तकात नाहीत, त्या ते तुम्हांस सांगतील.