रविवारी सुडी लावली, तर पाप?

प्रश्न : चिखली तालुक्यात आमची कोरडवाहू शेती आहे. सोंगलेलं सोयाबीन वावरात पडलेलं आणि रविवारी सकाळीच आभाळ भरून आलं. उपासना सोडून आम्ही सुडी लावली. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी 'प्रभूचा दिवस मोडला' म्हणून सुनावलं. आमचं चुकलं का?

उत्तर : नाही, ताई. लूकच्या 13व्या अध्यायात येशू 18 वर्षं कमरेत वाकलेल्या बाईला शब्बाथ दिवशीच बरं करतो. सभास्थानाचा अधिकारी चिडतो, तेव्हा येशू त्याला शब्बाथालाही दावणीचा बैल सोडून पाण्यावर नेणाऱ्यांची आठवण देतो. वर्षाचं पीक भिजत असताना धावणं त्यातच येतं. शिवाय मोशेचा शब्बाथ शनिवारचा. त्याचे नियम रविवारला जसेच्या तसे चिकटवणं रोमकरांस पत्राच्या 14व्या अध्यायाशी जुळत नाही.

पण एक विचारते. सुडीला मजूर होते का? अनुवाद 5:14 मध्ये विसावा दास, दासी, बैल, गाढव, परका अशा सगळ्यांना दिला आहे. सुनावणाऱ्यांना हे वचन क्वचितच आठवतं, याचं मला फार वाईट वाटतं. हंगामात बाया सातही दिवस सोंगणीला वाकतात. त्यांना एक दिवस मजुरीसकट सुट्टी द्या. वार त्यांच्या सोयीचा.