भीमाचा हेतू कसा वाचावा?

अण्णा भाऊ साठे (१९२०-१९६९) यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा आपण वाचली असेल. नसल्यास हा घटक बाजूला ठेवून आधी ती वाचावी.

वारणाकाठचा (कोल्हापूर-सांगलीकडच्या विद्यार्थ्यांना हा भाग निराळा सांगायला नको) भीमा मुंबईला येऊन खाणीत दगड फोडतो. खाण बंद पडते आणि प्रेताच्या राखेत सापडलेले सोने त्याला नवा धंदा दाखवते. उत्तरपत्रिकांत त्याच्या हेतूसाठी बहुधा एकच शब्द आढळतो : लोभ. तो अपुरा आहे. लोभी माणूस जीव सांभाळून मिळवू पाहतो; भीमा धोक्याकडे चालत जातो. पत्नी भुतांचे भय बोलून दाखवते, तेव्हा खरी भुते शहरात राहतात, अशा आशयाचे उत्तर तो देतो. त्या उत्तरातील सूर नीट ऐकावा. पोटाची गरज त्यात आहेच, पण जिवंतांच्या जगाने नाकारल्याची कटुताही आहे. गरज त्याला स्मशानात नेते. तेथे धरून ठेवते ती कटुता, असे माझे मत आहे. जो युक्तिवाद त्याचा स्वाभिमान राखतो, तोच त्याला माघारी फिरू देत नाही.

अखेरीस प्रेताच्या जबड्यात बोटे अडकतात, ती कापावी लागतात आणि त्याच दिवशी खाण सुरू होत असल्याची बातमी येते. भीमा रडतो. त्या रडण्याला 'पश्चात्ताप' म्हणण्याची घाई करू नये. तो केलेल्या कृत्यासाठी रडतो की गेलेल्या बोटांसाठी? पहार पेलणारा हात हेच त्याचे भांडवल होते, हे ध्यानात ठेवून शेवट पुन्हा वाचावा व आपले उत्तर पाच-सहा ओळींत लिहावे.