अंथरूण ओले झाले, म्हणून पाणी तोडू नका



लाखनीच्या आसपासच्या गावांतून वसतिगृहात आलेल्या एखाद्या मुलाचे अंथरूण रात्री ओले होते. सोबती चिडवतात, मूल लाजून गावी परत जाते आणि शाळा सुटते. हा आळस नव्हे, खोडीही नव्हे. पाच वर्षांपर्यंत हे स्वाभाविक आहे. पुढेही काही मुलांत ते राहते. आईवडिलांना लहानपणी हा त्रास असेल, तर मुलालाही होण्याचा संभव अधिक.

पुष्कळजण संध्याकाळपासून मुलाचे पाणी बंद करतात. आपल्या भागात हे धोक्याचे आहे, कारण पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. या आजारात मूत्रपिंडे पाणी राखू शकत नाहीत, म्हणून लघवी जास्त होते. अशा मुलाचे पाणी तोडले, तर रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून अडकतात आणि हाडांत असह्य कळा येतात.

मग काय करावे?

१. दिवसभर भरपूर पाणी द्यावे. संध्याकाळी चहा टाळावा.
२. झोपण्यापूर्वी लघवीला पाठवावे. वाटेवर दिवा ठेवावा.
३. शौचास घट्ट होत असेल, तर उपचार करावा.
४. सरकारी दवाखान्यात सिकलसेलची तपासणी करून घ्यावी.
५. बंद झालेला त्रास पुन्हा सुरू झाला, लघवीला जळजळ झाली, किंवा तहान वाढून वजन घटले, तर लगेच डॉक्टरांना दाखवावे.

वसतिगृहाला भेट द्याल, तेव्हा एक जादा चादर व मेणकापड न्या. आणि त्या मुलाला चारचौघांत काही विचारू नका.