एकच फाइल, चार की आठ?

फाइलने डिस्कवर किती जागा घेतली, हे लिनक्समध्ये ‘डीयू’ ही आज्ञा सांगते. सुट्टीत घमापुरला घरी मी एका छोट्या फाइलवर ती चालवली. उत्तर आले ४. मग ‘पॉझिक्सली_करेक्ट’ हे व्हेरिएबल लावून तीच आज्ञा दिली, तर ८!

दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. जागा ४०९६ बाइट, फरक मापाचा. जुन्या युनिक्समध्ये डिस्कचा ब्लॉक ५१२ बाइटचा होता. जुन्या स्क्रिप्ट त्यावरच चालत, म्हणून पॉझिक्स या मानकाने तेच माप ठेवले. ग्नू प्रकल्पाचे रिचर्ड स्टॉलमन यांना ते पटले नाही. वापरणाऱ्याला किलोबाइट समजतात, तर माप १०२४ चेच हवे, असे त्यांचे मत. (गंमत म्हणजे ‘पॉझिक्स’ हे नाव त्यांनीच सुचवले होते!) म्हणून ग्नूच्या डीयूमध्ये १०२४ आले, आणि ज्याला मानकच हवे त्याच्यासाठी हे व्हेरिएबल.

मला हा तोडगा आवडतो, पण त्यात धोका आहे. जागा मोजून बॅकअप घेणारी स्क्रिप्ट मॅकवर नेली, तर तिथे माप ५१२. डिस्क दुप्पट भरल्यासारखी दिसते आणि बॅकअप उगाच थांबतो. स्क्रिप्टमध्ये मी ‘डीयू -के’ असेच लिहितो. मग दोन्हीकडे १०२४.