जुन्या गाडीचा अडकलेला हँडब्रेक : दोष कसा शोधावा, काम कसे करावे

मोटार दुरुस्तीच्या धंद्यात काही कामे दहा मिनिटांची समजली जातात. हँडब्रेक त्यातलेच एक. 'धरत नाही' अशी तक्रार आली की नट आवळायचा आणि 'सुटत नाही' अशी आली की तोच नट सैल करायचा, इतकेच पुष्कळांना ठाऊक असते. आम्हीही बरीच वर्षे असेच करीत होतो. हे काम दहा मिनिटांचे नाही, हे आम्हाला आसेगावातल्याच एका गाडीने शिकविले.

गाडी मारुती ८००. क्रमांक एम.एच. ३०, म्हणजे वाशिम जिल्हा १९९८ साली अकोल्यातून वेगळा होऊन एम.एच. ३७ हा क्रमांक मिळण्याआधीची नोंद. मृगाच्या तोंडावर मालक आले व म्हणाले, "उतारावर हँडब्रेक धरून नाही राह्यला." आम्ही सीटमधल्या दांड्याजवळचा नट आवळला. हँडब्रेक धरू लागला, मालक खूश झाले. पावसाळाभर गाडी गावातल्या गावात थोडी-थोडी चालली. पोळा झाल्यावर ते आईला डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी वाशिमला घेऊन निघाले. वाटेत जळका वास आला, पण त्यांनी तो शेतातल्या धुराचा समजला. पुढे एका उतारावर पाय दाबला तर पेडल नेहमीपेक्षा बरेच खाली गेले. गिअर उतरवीत उतरवीत त्यांनी गाडी कशीबशी कडेला घेतली. मागच्या डाव्या चाकातून धूर निघत होता. फोन आल्यावर आम्ही मोटारसायकलीवर हत्यारे घेऊन पोहोचलो. म्हातारी बाई झाडाखाली बसली होती. ती आम्हाला एक शब्दही बोलली नाही, पण चूक कोणाची हे आम्हाला ड्रम उघडताच समजले. चूक आमची होती.

या धंद्यात उतरलेल्या तरुणांनी व जुनी गाडी बाळगणाऱ्या मालकांनी ही चूक करू नये, म्हणून हा लेख.

यंत्रणा कशी चालते?

मारुती ८००, ओम्नी, अॅम्बेसेडर, सुमो, इंडिका अशा बहुतेक जुन्या गाड्यांत मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतो. हँडब्रेकचा दांडा ओढला की केबलच्या आतली तार ओढली जाते. ती ड्रमच्या आतला एक छोटा लिव्हर ओढते. लिव्हर मधल्या पट्टीच्या आधाराने दोन्ही ब्रेक शू बाहेर ढकलतो, शूवरचे लायनर ड्रमला घट्ट लागते आणि चाक थांबते.

आता महत्त्वाचा मुद्दा. तार ओढू शकते, ढकलू शकत नाही. दांडा खाली सोडल्यावर तार मागे नेण्याचे आणि शू आत घेण्याचे सारे काम ड्रममधल्या स्प्रिंगांनाच करावे लागते. म्हणून ब्रेक धरण्यात दोष दिसला नाही तरी सुटण्यात दोष असू शकतो. धरताना माणसाच्या हाताचा जोर असतो. सुटताना फक्त स्प्रिंगचा. तार थोडी गंजली, लिव्हरची पिन थोडी जाम झाली, तरी हात तिला ओढतो, पण स्प्रिंगला ती परत नेता येत नाही.

डॅशबोर्डवरचा लाल दिवा येथे कामाचा नाही. त्याचा खटका दांड्याखाली असतो, चाकात नव्हे. दिवा विझला म्हणजे दांडा खाली आला, एवढाच त्याचा अर्थ.

दुर्लक्ष केल्यास काय होते?

पेट्रोल जास्त जाते, लायनर लवकर झिजते, चाकाच्या बेअरिंगमधले ग्रीस पातळ होते. हे सर्व पैशाचे नुकसान झाले. खरा धोका ब्रेक ऑईलचा आहे. 'डॉट ३' जातीचे नवे ऑईल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असे प्रमाण आहे. पण हे ऑईल हवेतला ओलावा शोषून घेते, आणि पाणी मुरलेल्या ऑईलसाठी प्रमाणच १४० अंशांवर येते. सतत घासणारा ड्रम एवढा सहज तापतो. ऑईल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. ऑईल दाबले जात नाही, पण वाफ दाबली जाते. मग पाय दाबला तरी जोर चाकापर्यंत पोहोचत नाही. आमच्या गिऱ्हाइकाचे पेडल खाली गेले ते यामुळेच.

दोष शोधण्याचा क्रम

१) गाडी सपाट व कठीण जागी घ्यावी. आपल्याकडच्या काळ्या मातीत जॅक रुततो, म्हणून खाली जाड फळी घालावी. हँडब्रेक सोडलेला असणार, तेव्हा पुढच्या दोन्ही चाकांना पुढून व मागून लाकडी गुटके लावल्याशिवाय जॅकला हात लावू नये. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. पक्के स्टँड द्यावेत.

२) मारुती ८०० किंवा इंडिकासारख्या पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीत पहिला गिअर टाकून ठेवावा. ओम्नी, सुमो, अॅम्बेसेडर यांत मागची चाके ओढतात, म्हणून तपासताना न्यूट्रल हवा. या गाड्यांत एक चाक फिरवले की दुसरे उलट फिरते. तो दोष समजू नये.

३) दोन्ही चाके हाताने फिरवावीत. बारीक खरखर चालेल, जड फिरणे चालणार नाही. दोन्ही चाके सारखी जड असतील तर संशय दांड्याजवळच्या नटावर घ्यावा. एकच जड असेल तर त्या बाजूची केबल किंवा ड्रम.

४) नट पूर्ण सैल करून पुन्हा फिरवावे. चाक मोकळे झाले तर केबल जास्त ताणलेली आहे. जड राहिले तर त्या चाकाकडचे केबलचे टोक सोडवावे. आता मोकळे झाले तर केबल आत अडकलेली आहे.

५) तरीही जड असेल तर त्या चाकाचा हवा काढायचा निपल किंचित उघडावा. ऑईल जोराने उडून चाक मोकळे झाले तर दोष हँडब्रेकचा नाहीच. रबरी होज आतून बुजला आहे किंवा मास्टर सिलिंडर दाब सोडत नाही. फरक पडला नाही तर ड्रम उघडण्यावाचून मार्ग नाही.

ड्रम उघडल्यावर

पुष्कळ ड्रमवर दोन आटेदार भोके असतात. त्यांत योग्य मापाचे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे फिरवले की ड्रम सुटतो. काही गाड्यांत ड्रम व हब एकत्र असतात. त्यांची मधली नट व बेअरिंग कंपनीच्या पुस्तकाप्रमाणेच काढावी. ड्रम बिडाचा असतो. त्यावर लोखंडी हातोडा मारू नये. लाकडी मोगरी वापरावी. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये, तो तडकतो.

आतली धूळ हवेच्या पाइपने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसात गेले की बाहेर निघत नाही. नाकाला मास्क बांधून ओल्या कापडाने पुसावे. गॅरेजमध्ये काम शिकणाऱ्या पोरांना हे पहिल्या दिवशी सांगावे.

मग चार गोष्टी पाहाव्यात. स्प्रिंग लांबलेली किंवा उष्णतेने निळी पडलेली असेल तर दोन्ही चाकांच्या स्प्रिंग एकदम बदलाव्यात. लिव्हरची पिन गंजली असेल तर काढून, घासून, उष्णता सोसणारे ग्रीस अगदी थोडे लावावे. बॅक प्लेटवर शू ज्या जागी सरकतो तेथे खाचा पडल्या असतील तर कानसीने सपाट कराव्यात, कारण शू त्यात अडकतो. व्हील सिलिंडरचे रबर उचलून पाहावे. आत ओल असेल तर सिलिंडर बदलावा. रबरी भागाला पेट्रोल, रॉकेल किंवा ग्रीस लागू देऊ नये, रबर फुगते. लायनरला तर तेलाचे बोटही लागता कामा नये.

केबल सोडवून तार दोन्ही टोकांनी ओढून पाहावी. ती बोटांनी सहज सरकली पाहिजे. बाहेरचे रबर फाटले की पावसाचे पाणी व चिखल आत जाऊन तार गंजते. अशा केबलमध्ये तेल सोडून आठ दिवस निभतात, पण पहिल्या पावसात ती पुन्हा अडकते. बदलणे हाच उपाय.

आमच्या त्या गाडीत केबलचे रबर फाटलेले होते, पिन जाम होती आणि लायनर जवळजवळ संपलेले होते. हँडब्रेक धरत नव्हता तो लायनर संपल्यामुळे. आम्ही ड्रम न उघडता तार ताणली. ताणलेल्या तारेने लिव्हर अर्धवट ओढूनच ठेवला आणि उरलेले काम गंजाने केले.

जोडणीचा क्रम चाकाकडून दांड्याकडे

आधी केबल सैल ठेवून शूचे अंतर जमवावे. पेडल काही वेळा दाबून शू मधोमध बसू द्यावेत. चाक मोकळे फिरते याची खात्री करावी. त्यानंतरच दांड्याजवळचा नट आवळावा. बहुतेक छोट्या गाड्यांत ४ ते ८ खटक्यांत ब्रेक पक्का धरला पाहिजे. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तकात पाहावा. दांडा पूर्ण खाली असता दोन्ही चाके मोकळी हवीत. शेवटी ५-६ किलोमीटर फेरी मारून दोन्ही मागच्या चाकांजवळ हात नेऊन उष्णता ताडून पाहावी. एक चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट जास्त तापले तर काम अपुरे आहे.

मालकांसाठी

हँडब्रेक रोज वापरावा. न वापरल्यानेही तो जाम होतो. मात्र गाडी पावसाळ्यात बरेच दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक न लावता गिअर टाकून चाकांना गुटके लावावेत, कारण ओले लायनर ड्रमला चिकटते. नाला ओलांडल्यावर थोडे अंतर हलका ब्रेक दाबत जावे म्हणजे ड्रम वाळतात. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरणाच्या वेळी गाडी तपासणीला न्यावी लागते. त्या दिवसाची वाट न पाहता दरवर्षी पोळ्यानंतर एकदा ड्रम उघडून घ्यावेत.

धंद्याचा हिशेब

मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली थांबले, अॅम्बेसेडरचेही त्याच वर्षी. तरी खेड्यापाड्यांत जुन्या गाड्या अजून चालतात आणि त्यांची दुरुस्ती आपल्याच हाती येते. होतकरू तरुणांनी या प्रत्येक कामाचे दोन दर आधीच सांगावेत : तपासणीचा व दुरुस्तीचा. ड्रम उघडण्याचे पैसे मागायला संकोच वाटतो म्हणून आपण नट आवळून मोकळे होतो, आणि गिऱ्हाईकही स्वस्तात काम झाले म्हणून समाधानी राहते. हे समाधान दोघांनाही महाग पडते. काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा, काय बदलले ते चिठ्ठीवर लिहून द्यावे. जे केले नाही तेही लिहावे.

त्या गाडीचे सर्व काम आम्ही मजुरी न घेता करून दिले. मालकांनी भागांचे पैसे दिले, आम्ही ते नाकारले नाहीत. पुढच्या आठवड्यात ते त्याच गाडीने आईला घेऊन वाशिमला गेले. निघण्यापूर्वी गॅरेजसमोर थांबून त्यांनी स्वतः खाली उतरून मागच्या चाकाला हात लावून पाहिला. आम्हाला त्याचे वाईट वाटले नाही. आता आमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या मालकाला आम्ही तसे करायला सांगतो.