धारोष्ण दूध आणि ९६ टक्के

आधीच सांगते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं आहे, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. पण 'धारोष्ण' हा शब्द मला आजोबांनी शिकवला. धार काढल्या काढल्या, कोमट असतानाच प्यायचं दूध. कोल्हापूरला गंगावेशीत म्हशी समोर उभ्या करून असं दूध पाजतात, हे आपल्या होस्टेलवरचे कोल्हापूरकर अभिमानाने सांगतातच.

मेक्सिकोच्या हलिस्को राज्यात आणि आसपास गुरं पाळणारे लोक हेच करतात, फक्त त्यात दारू घालतात! त्या पेयाचं नाव पाहारेते. (स्पेलिंग बघून मी बरेच दिवस 'पजारेटे' म्हणत होते. स्पॅनिशमध्ये जे चा उच्चार ह होतो.) पहाटे मंडळी गोठ्यावर जमतात. मग्ग्यात साखर, चॉकलेट पावडर, थोडी इन्स्टंट कॉफी आणि उसाचं अल्कोहोल किंवा टकीला घालायची. मग मग घेऊन थेट गाईखाली बसायचं. वासराला आधी लावून पान्हा फुटलेला असतो. धार जोरात मगमध्ये पडते, सगळं आपोआप ढवळलं जातं आणि वर जाड फेस येतो. दूध साधारण ३८ अंश असतं, म्हणून गॅसची गरज नाही, चमच्याची पण नाही.

आता पहिला प्रश्न आमच्या रूमवर आला, की दूध फाटत कसं नाही? याचं उत्तर डेअरीवाल्यांना पाठ आहे. संकलन केंद्रावर दुधात तेवढंच ६८-७० टक्के अल्कोहोल मिसळून बघतात. ताजं दूध तसंच राहतं, आंबायला लागलेल्या दुधात लगेच कण दिसतात. दुधातले केसिनचे गोळे एकमेकांना दूर ठेवतात. आम्लता वाढली की ती ताकद कमी होते आणि मग अल्कोहोल त्यांना एकत्र आणतं. म्हणजे पाहारेते फक्त ताज्या दुधाचंच जमणार.

दुसरा प्रश्न महत्त्वाचा. 'अल्कोहोलने जंतू मरतात, मग कच्चं दूध चालेल ना?' हे मी तीन जणांकडून ऐकलं, त्यातला एक फायनल इयरचा! चला, गणित करू. ९६ टक्क्यांचं ४० मिली घेतलं तर शुद्ध अल्कोहोल ३८.४ मिली. २४० मिली दुधात टाकलं की एकूण २८० मिली, म्हणजे सुमारे १४ टक्के. सॅनिटायझरला ६० च्या वर लागतं. १४ टक्क्यांत आणि दोन मिनिटांत ब्रुसेला मरत नाही. (तेच ३८.४ मिली म्हणजे ३० मिलीचे तीन पेग, तेसुद्धा सकाळी सातला. हिशोब माझा, अनुभव नाही.)

ब्रुसेला हे नाव मला पुस्तकातून कळलं नाही. माझ्या काकांनी घरच्याच म्हशीचं धारोष्ण दूध पिऊन तो ताप काढला. रोज संध्याकाळी ताप चढायचा, घाम यायचा, सांधे धरायचे. दोन महिने सगळे टायफॉइड टायफॉइड करत होते. शेवटी रक्ततपासणीत सापडलं आणि सहा आठवडे गोळ्या घ्याव्या लागल्या. डेव्हिड ब्रूसने हा जंतू १८८७ मध्ये माल्टात शोधला आणि तो शेळीच्या दुधातून येतो हे झामितने १९०५ मध्ये दाखवलं. म्हणजे शंभर वर्षांपेक्षा जास्त झाली, तरी काका पीत होतेच. म्हैस दिसायला एकदम ठणठणीत होती.

आणखी एक भीती सुट्या अल्कोहोलची. २०२० मध्ये हलिस्को आणि पुएब्लात मेथॅनॉल मिसळलेल्या दारूने अनेक माणसं गेली. आपल्याकडे २०१५ मध्ये मालवणीत शंभरच्या वर गेली. मेथॅनॉलचं शरीरात फॉर्मिक आम्ल होतं आणि ते आधी डोळे घेतं. वासाने किंवा चवीने ओळखता येत नाही.

दूध मात्र घरी सुरक्षित करता येतं. ७२ अंशाला १५ सेकंद किंवा ६३ ला अर्धा तास, किंवा सरळ आपल्या मेससारखी एक उकळी. तक्रार एवढीच की उकळलेल्या दुधाला तो धारेचा फेस येत नाही. त्यालाही मेक्सिकोतच उपाय आहे. तिथे चॉकलेट घुसळायला लाकडी मोलिनियो वापरतात, दोन तळहातांत धरून गरगर फिरवायचा. मी चित्र आईला दाखवलं तर ती म्हणाली, "अगं, ही तर आपली रवी!" सुट्टीत उकळलेलं दूध, चॉकलेट आणि कॉफी रवीने घुसळून बघितलं, बाकीचं वगळून. फेस चांगला दोन बोटं आला.